कच्ची-पक्की : एका कोळ्याच्या वयाचा इतिहास

भाच्याचा फोन बहुधा रविवारी संध्याकाळी येतो. तो जर्मनीत, श्टुटगार्टजवळ नोकरी करतो. तिकडची थंडी, ताईची शुगर, माझ्या कॉलेजातल्या परीक्षा एवढं बोलून झालं की तो मोबाइल फिरवून एका काचेच्या पेटीसमोर धरतो. पेटीत मातीचा थर, झाडाच्या सालीचा एक कलता तुकडा, पाण्याची वाटी आणि सालीखाली बसलेली एक तपकिरी-गुलाबी, केसाळ कोळीण. चिली देशातल्या जातीची ही टॅरंट्युला. २०१८ मध्ये त्यानं ती विकत घेतली तेव्हा ती मसुराच्या दाण्याएवढी होती. मागच्या महिन्यात तो म्हणाला, "मामा, सात वर्षं झाली. अजून पुरती वाढलेली नाही. अजून किती थांबायचं असेल?"

मी धाराशिवला कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवतो. आमच्या जिल्ह्यात वाढीची मापं वेगळी आहेत. सोयाबीन शंभर दिवसांत घरात येतं. ऊस वर्ष-दीड वर्षात तुटतो. उस्मानाबादी शेळी तर लवकर वयात येते म्हणूनच नावाजलेली. दीड वर्षाच्या आसपास पहिलं वेत, आणि पुढे पुष्कळदा जुळी करडं. अशा मुलखातल्या माणसाला एका किड्याची सात वर्षं वाट पाहणं म्हणजे वेडेपणाच वाटायला हवा. मला तसं वाटत नाही. हे वेड त्याला माझ्याच घरून लागलेलं आहे.

*

३० सप्टेंबर १९९३. पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या रात्री गणपती बोळवून लोक थकून झोपले होते. लातूर जिल्ह्यातली किल्लारी, आमच्या जिल्ह्यातलं सास्तूर आणि आसपासची कितीतरी गावं दगडमातीच्या जाड भिंतींखाली गेली. हजारो माणसं मेली. आमचं गाव तिथून लांब, तेरच्या जवळ, तेरणा नदीच्या काठी. आमच्याकडे भिंतींना भेगा पडल्या, माणसं वाचली. पण धाब्याच्या घरात झोपायची कुणाची छाती होईना. धक्के बसतच होते. सगळं गाव उघड्यावर आलं. आम्ही शेतात, बाभळीच्या बांधालगत पाल ठोकलं. मी तेव्हा १४ वर्षांचा होतो.

एका रात्री लघवीला उठलो तेव्हा बॅटरीच्या उजेडात बांधाच्या उतारावर एक भोक दिसलं. रुपयाच्या नाण्याहून थोडं मोठं, कडेला पांढरट जाळ्याचं अस्तर. आणि तोंडाशी पुढचे चार पाय बाहेर टेकवून बसलेला कोळी. एवढा मोठा कोळी मी पाहिला नव्हता. मी दगड उचलला. माझ्यामागे आज्जी उठून आलेली होती. ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे रे. तिचं घर हाय ते. आपण उघड्यावर आलाव म्हणून तिला कशाला उघड्यावर आणायचं?"

आज्जीनं तिला मादी का म्हटलं, ते मी विचारलं नाही. आमच्या बोलण्यात घर धरून बसणारी ती बाईच असते, एवढंच कारण असावं. ते बरोबर निघालं, पण ते कळायला मला ३२ वर्षं लागली.

कोळी म्हणजे पावसाळ्यात येतो, थंडीनंतर संपतो, असं मी समजत होतो. घरातले, पिकातले बहुतेक कोळी खरंच वर्षाच्या आत-बाहेर जगतात. पुढच्या दिवाळीत शेतात गेलो तर ते बीळ तिथेच, आणि रात्री बॅटरी धरली तर पाय बाहेर. त्याच्या पुढच्या वर्षीही. उन्हाळ्यात कधी गेलो तर तोंड मातीनं आणि जाळ्यानं बुजवलेलं असे. मेली असेल, असं वाटायचं. मृगाचे दोन पाऊस झाले की दार परत उघडं. बारावी झाली, लातूरला शिकलो, औरंगाबादला एम. ए. केलं, नोकरी लागली, लग्न झालं. दिवाळीला गावी गेलो की एक फेरी बांधाकडे ठरलेली.

२००४ च्या पावसाळ्याच्या शेवटी बिळाच्या तोंडाशी ती मेलेली दिसली. उचलली तर वजनच नव्हतं. ती मेली नव्हती, तिनं कात टाकली होती. आठही पाय, नखं, सुळे, सगळं जिथल्या तिथे. पाठीचं झाकण डब्यासारखं उघडलेलं. ताई माहेरी आलेली होती, तिचा आठ वर्षांचा मुलगा माझ्यासोबत होता. त्यानं ती कात सुपारीच्या डब्यात कापूस घालून ठेवली. पुढे तो शिकायला बाहेर गेला. डबा मात्र आमच्या कपाटात राहिला.

*

कात टाकणं हा आपल्या भाषेत नव्यानं सुरुवात करण्याचा शब्द आहे. कोळ्याच्या बाबतीत तो अगदी हिशोबाचा शब्द आहे. कोळ्याचं कवच बाहेर असतं आणि ते ताणत नाही. मोठं व्हायचं तर जुनं कवच उतरवून आत तयार झालेलं मऊ कवच फुगवून घट्ट होऊ द्यायचं, एवढाच मार्ग. टॅरंट्युला यासाठी बहुधा पाठीवर उताणी पडते. काही तास ती अगदी असहाय असते. नवे सुळे आधी पांढरे, मऊ असतात. ते काळे, कडक होईपर्यंत ती खात नाही. म्हणजे दोन कातींच्या मधल्या काळात तिचं शरीर जवळजवळ तेवढंच राहतं आणि कातीच्या दिवशी एकदम वाढतं. झाडासारखी रोज थोडी वाढ तिच्यात नाही. तिचं वय मोजायचं म्हणजे काती मोजायच्या.

पण काती ठरलेल्या तारखेला येत नाहीत. पिल्लू असताना वर्षातून अनेकदा. मोठी होत जाईल तसं अंतर वाढत जातं, पुढे वर्षातून एक, मग कधी दोन वर्षांतून एक. ऊब आणि खाणं भरपूर असेल तर काती लवकर येतात. थंडी किंवा उपासमार असेल तर लांबतात. या प्राण्याला बसून राहणं जमतं. बिळाच्या तोंडाशी भक्ष्य आलं तर खायचं, नाही आलं तर थांबायचं. मोठी मादी काही महिने, प्रसंगी वर्षभराहून जास्त काळ न खाता राहू शकते. दुष्काळी मुलखात जगायला हे बरं, पण त्याची किंमत वाढीनं मोजावी लागते.

सगळ्याच टॅरंट्युला इतक्या मंद नाहीत. झाडाच्या ढोलीत राहणाऱ्या आपल्याकडच्या पिसिलोथेरिया या प्रजातीतले नर पाळलेल्या अवस्थेत साधारण दीड वर्षात वयात येतात, माद्या दोन-तीन वर्षांत. उलट चिलीची ग्रामोस्टोला किंवा मेक्सिकोची लाल गुडघ्यांची ब्रॅकिपेल्मा यांच्या माद्यांना सहा, सात, आठ वर्षं लागू शकतात, आणि त्यानंतर त्या वीस वर्षंही जगतात. नर लवकर वयात येतो आणि लवकर जातो. त्याची शेवटची कात झाली की तोंडाजवळच्या दोन छोट्या पायांच्या टोकाला मुष्टियोद्ध्याच्या हातमोज्यासारखे गोळे दिसू लागतात. मग तो बीळ सोडतो, मादी शोधत हिंडतो आणि काही महिन्यांत, फार तर वर्ष-दोन वर्षांत मरतो. परत कात टाकणं त्याच्या नशिबी नसतं.

हे वाचलं तेव्हा मला २००० च्या आसपासची एक पावसाळी रात्र आठवली. आमच्या ओसरीवर एक लांब पायांचा, हडकुळा, केसाळ कोळी आला होता. चुलत्यानं चपलेनं मारला. बायकापोरं निजलेली, त्यानं दुसरं काय करायचं होतं? पण आता वाटतं, तो कितीतरी वर्षं कुठल्यातरी बांधात वाढला असेल आणि त्याच्या आयुष्यातल्या एकमेव प्रवासाला निघाला असेल.

*

या प्राण्याचं नाव चुकून पडलेलं आहे. इटलीत तारांतो नावाचं गाव आहे. तिथल्या शेतात चावणाऱ्या एका कोळ्याला गावावरून तारांतुला म्हणत, आणि तो चावला की माणसानं नाचून विष उतरवायचं अशी समजूत होती. तो कोळी वेगळ्याच कुळातला, पळून शिकार करणारा. युरोपीय लोक अमेरिकेत गेले तेव्हा तिथल्या मोठ्या केसाळ कोळ्यांना त्यांनी तेच नाव दिलं. मारिया सिबिला मेरियन ही चित्रकार १६९९ ते १७०१ सुरीनाममध्ये राहिली. १७०५ मध्ये छापलेल्या तिच्या ग्रंथात पेरूच्या फांदीवर पक्षी खाणारा असा कोळी आहे. घरी बसलेल्या विद्वानांनी तिला खोटं ठरवलं. लिनियसनं १७५८ मध्ये या कोळ्याला लॅटिन नाव दिलं, तेही पक्ष्यांवरूनच.

भारतातल्या या कोळ्यांची नावं मुख्यतः एका माणसानं ठेवली. रेजिनाल्ड इनिस पोकॉक. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये बसून त्यानं १९०० मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानातल्या कोळी-विंचवांवरचा मोठा ग्रंथ लिहिला. त्याच्याकडे नमुने जात ते बाटल्यांतून. मुंबईहून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे लोक पाठवत. १८८३ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेचा संसार पहिली कितीतरी वर्षं फिप्सन यांच्या मद्याच्या पेढीत होता. फिप्सन आणि त्यांचे सहकारी मिलार्ड, दोघांचीही नावं कोळी-विंचवांच्या जातींना मिळाली आहेत. दारूच्या पेढीत अल्कोहोलची वानवा कशी असेल!

पुढे १९१५ मध्ये कोलकात्याच्या इंडियन म्युझियममधल्या ग्रेव्हलीनं आणखी जाती नोंदल्या. त्यातल्या एकीचं नाव साताऱ्यावरून आहे. स्वातंत्र्यानंतर पुण्यात भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या केंद्रात बेनॉय कृष्ण टिकादर यांनी कोळ्यांवर आयुष्य घातलं. १९७७ मध्ये त्यांनी एका जातीला महाबळेश्वरचं नाव दिलं.

सातारा, महाबळेश्वर. इतिहासाचा मास्तर म्हणून ही गावं वाचताना मला त्यांच्यामागे एक सरहद्द दिसते. पोकॉक लिहीत होता तेव्हा आमचा जिल्हा मुंबई इलाख्यात नव्हता, निजामाच्या राज्यात होता. सोलापूर इंग्रजांचं, तुळजापूर निजामाचं, मध्ये जेमतेम ४५ किलोमीटर. गोरा अधिकारी सुटीला जायचा तो खंडाळ्याला, महाबळेश्वरला. बालाघाटच्या उघड्या माळावर कशाला येईल? बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये बार्शीपर्यंत आली आणि येडशीवरून लातूरला पोचायला १९११ उजाडलं. कोळी सरहद्द पाळत नाहीत. त्यांना बाटलीत भरणारे पाळतात.

रेल्वेची आणखी एक गोष्ट आहे. मुंबईहून सोलापूर, रायचूरवरून मद्रासला जाणाऱ्या मार्गावर आंध्रात गुत्ती नावाचं स्टेशन आहे. तिथल्या रेल्वेच्या लाकडाच्या वखारीत एक कोळी सापडला. १८९९ मध्ये पोकॉकनं त्या एका नमुन्यावरून जात नोंदवली, पिसिलोथेरिया मेटॅलिका. जिवंतपणी हा कोळी झगझगीत निळा असतो. त्यानंतर शंभर वर्षं तो कुणाला दिसला नाही. २००१ मध्ये नंद्याल आणि गिद्दलूर यांच्यामधल्या जंगलात तो परत सापडला. गुत्तीला तो बहुधा लाकडांबरोबर गाडीतून आला असावा. म्हणजे त्याच्या जन्मगावाचा पत्ता शंभर वर्षं चुकीचा होता.

या सगळ्या ग्रंथांत प्रत्येक नमुन्याची पायांची लांबी मिलिमीटरमध्ये आहे. डोळ्यांची मांडणी आहे, केसांचा रंग आहे. वय मात्र तिथे असूच शकत नाही. बाटलीतला कोळी किती मोठा हे कळतं. तो किती वर्षांचा हे कळत नाही. ते कळण्यासाठी बाटली न भरता शेजारी बसून राहणारा माणूस लागतो.

*

असा पहिला माणूस मला सापडला तो अमेरिकेत. विल्यम बेर्ग, आर्कान्सा विद्यापीठातला कीटकशास्त्राचा प्राध्यापक. विषाबद्दलचं कुतूहल एवढं की १९२२ मध्ये त्यानं ब्लॅक विडो कोळीण स्वतःला चाववून घेतली आणि दवाखान्यात पडला. टॅरंट्युलाच्या बाबतीत मात्र त्यानं उलट प्रकारचं धाडस केलं, थांबण्याचं. तिथल्या माळरानावरचे कोळी त्यानं पिल्लू असल्यापासून पाळले, प्रत्येकाच्या काती लिहून ठेवल्या आणि वर्षामागून वर्षं हेच करत राहिला. नराला वयात यायला १० ते १३ वर्षं लागतात, असं त्याच्या नोंदींतून निघालं. माद्या पंचविशी गाठतात हेही. १९५८ मध्ये त्याचं छोटं पुस्तक आलं. पानं थोडी आहेत, पण त्यामागे चाळीसेक वर्षं आहेत.

दुसरी बाई ऑस्ट्रेलियातली, बार्बरा यॉर्क मेन. १९७४ मध्ये तिनं पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या गव्हाच्या पट्ट्यात, शेतांच्या मध्ये उरलेल्या एका रानाच्या तुकड्यावर बिळाला दार लावणाऱ्या कोळ्यांचा अभ्यास सुरू केला. हे टॅरंट्युलांचे लांबचे भाऊबंद. तिची पद्धत शाळकरी म्हणावी इतकी सोपी होती. प्रत्येक बिळाजवळ एक खुंटी, खुंटीवर क्रमांक, आणि पुनःपुन्हा येऊन पाहणं. त्या जातीची मादी एकदा बीळ खणलं की ते सोडत नाही, आणि रिकाम्या बिळात दुसरी शिरत नाही. म्हणून खुंटी म्हणजेच जन्मदाखला. सोळा क्रमांकाची मादी ४३ वर्षं जगली. २०१६ मध्ये तिच्या बिळाचं दार एका परजीवी गांधीलमाशीनं भोसकलेलं आढळलं. तोवर मेन स्वतः म्हातारी झालेली होती. ते निरीक्षण तिच्या तरुण सहकारी लिआंडा मेसन यांनी केलं, शोधनिबंध २०१८ मध्ये आला आणि २०१९ मध्ये मेन गेली. एका कोळिणीचं वय कळायला एका माणसाचं कामाचं आयुष्य पुरलं नाही, दुसऱ्याला हात लावावा लागला.

तिसरी जमात भाच्यासारख्यांची, घरी पाळणाऱ्यांची. यांच्याकडे विद्यापीठ नाही, पण वही असते. तारीख, शेवटचं खाणं, कात, कातीनंतर पायांची लांबी. सारखं खायला घालून आणि ऊब देऊन वाढ पळवता येते हे यांना ठाऊक आहे. तसं केलेला नर लवकर वयात येतो आणि तितक्याच लवकर मरतो, हेही. भाचा आठ-दहा दिवसांतून एक झुरळ देतो. "घाई केली तर लवकर मोठी होईल मामा, पण मग मी नक्की काय पाळलं?" असं तो एकदा म्हणाला होता.

*

वाढीचा हा वेग नुसता कुतूहलाचा विषय राहिला नाही, कारण मध्ये बाजार आला. मेक्सिकोतली लाल गुडघ्यांची ब्रॅकिपेल्मा दिसायला देखणी, स्वभावानं शांत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोप-अमेरिकेत ती पाळायचं वेड आलं. आता व्यापाऱ्याच्या जागी उभं राहून बघा. पिल्लापासून मादी वाढवायची तर सहा-सात वर्षं जागा, खाणं, देखभाल. मेक्सिकोच्या माळावर कुदळ मारली की तयार मादी दहा मिनिटांत हातात. त्यामुळे मोठ्या माद्या उपसल्या गेल्या. मोठी मादी म्हणजे दहा-पंधरा वर्षांची बचत, आणि पुढची पिढी घालणारी तीच. ती काढली की त्या माळावर पोकळी राहते ती दशकभराची. १९८५ मध्ये या जातीचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स करारानं नियंत्रणाखाली आला, १९९४ मध्ये सगळी प्रजातीच आली.

आपल्या निळ्या मेटॅलिकाची गोष्ट थोडी वेगळी झाली. ती जगातल्या अत्यंत संकटग्रस्त प्राण्यांत गणली जाते. तिच्या जंगलाचा तुकडा लहान आणि रोज विरळ होणारा. पण ती भराभर वयात येते. त्यामुळे परदेशी नेलेल्या मोजक्या कोळ्यांपासून पेट्यांमधून तिचा वंश पसरला. गिद्दलूरच्या जंगलात ती विरळ आणि युरोपातल्या कपाटांवर मुबलक, अशी उलटी स्थिती आहे. २०१९ मध्ये सगळी पिसिलोथेरिया प्रजाती साइट्सच्या यादीत गेली. कायदा दोन्हींना सारखाच. पण एकीला तुटवडा भरून काढायला तीन वर्षं पुरतात, दुसरीला दहा पुरत नाहीत.

तेर आमच्यापासून चालत जाण्याइतकं. तिथे गोरोबाकाकांचं मंदिर आहे. त्यांची एक कथा गावात लहान पोरालाही येते. संतमंडळी जमलेली असताना मुक्ताबाईनं गोरोबांना विचारलं, काका, यातली मडकी कच्ची कुठली नि पक्की कुठली ते बघा. गोरोबांनी थापटणं घेतलं आणि एकेकाच्या डोक्यावर थापटलं. सगळे गप्प बसले. नामदेव कळवळले. गोरोबा म्हणाले, हे मडकं कच्चं.

मडकं भट्टीतून एकदाच पक्कं होतं आणि मग तसंच राहतं. नर कोळ्याचं तसं आहे. पक्का झाला की त्याची वाढ संपली. मादीचं तसं नाही. ती वयात आल्यावरही कात टाकत राहते. त्या कातीबरोबर नराचं बीज साठवायच्या पिशवीचं अस्तरही निघून जातं, आणि तिला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. वीस वर्षांची असली तरी कातीनंतरचे काही दिवस तिचे सुळे पांढरे, मऊच असतात. म्हणजे गोरोबाकाकांनी दर दोन वर्षांनी थापटणं मारलं असतं तर तिचं उत्तर कधी पक्कं, कधी कच्चं आलं असतं. आणि नामदेवही कच्चे ठरले म्हणून संपले नाहीत. खरं तर तिथून त्यांचं सुरू झालं.

*

आता जे सांगायचं टाळत आलो ते सांगतो.

२०१५-१६ पर्यंत सलग दुष्काळ गेले. विहिरीला पाणी नव्हतं. सरकारची शेततळ्याची योजना आली. आमच्या शेतात उताराची, पाणी साठेल अशी जागा एकच, बाभळीच्या बांधालगतची. दादा शेती बघतो. त्यानं मला फोन करून विचारलं, "तिथं घेऊ का? तुझी काही हरकत?" जमीन दोघांच्या नावावर आहे. मी म्हणालो, घे. बीळ मला आठवलं होतं. पण दुष्काळात भावाला काय सांगणार, की कोळ्यासाठी पाणी दुसरीकडे साठव? २०१७ च्या उन्हाळ्यात जेसीबी आला. दादा सांगतो, अर्ध्या दिवसात काम झालं. उन्हाळा असल्यामुळे बिळाचं तोंड बुजलेलं असणार. चालकाला काही दिसलंही नसेल.

तळ्यात पाणी आहे. त्यावर दादाची दोन एकर भाजी होते. निर्णय चुकला असं मी अजून म्हणू शकत नाही. पण बांध चार पावलं पलीकडे सरकवून चाललं असतं, हे मला माहीत होतं आणि मी बोललो नाही.

१९९३ ते २०१७. चोवीस वर्षं मी एकाच बिळाकडे बघत होतो. वर्गात पोरांना सांगतो, पुरावा काय ते आधी बघा. इथे माझ्याकडे पुरावा काय? खुंटी नव्हती, क्रमांक नव्हता, वही नव्हती. टॅरंट्युलाच्या रिकाम्या बिळात दुसरी येऊन राहू शकते. तेव्हा १९९३ मध्ये आज्जीनं वाचवलेली आणि २०१७ मध्ये मी न वाचवलेली एकच होती की आई आणि लेक, हे मी कुणाला ठामपणे सांगू शकत नाही. मी दरवर्षी जात राहिलो, पण लिहिलं काहीच नाही. बेर्गमध्ये आणि माझ्यात एवढाच फरक, आणि इतिहासात तोच मोठा.

कागद एकच उरला होता. सुपारीचा डबा.

या दिवाळीत भाचा सात वर्षांनी भारतात आला. डबा काढून दिला तर त्याला आधी आठवेना, मग एकदम आठवलं. कातीचे दोन पाय तुटले होते. पोटाकडचा भाग सुकून वाटाण्याच्या सालासारखा गोळा झाला होता, आणि नेमका तोच भाग हवा होता. त्यानं बशीत कोमट पाणी घेतलं, त्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकला आणि तो गोळा भिजत घातला. अर्ध्या तासानं दोन टाचण्या घेऊन तो इतक्या हळू उलगडत होता की ताई दोनदा येऊन म्हणाली, जेवण गार होतंय. मग त्यानं मोबाइलला छोटी भिंगाची क्लिप लावली आणि स्क्रीन माझ्यापुढे धरला. श्वासाच्या चार फिकट ठिपक्यांपैकी वरच्या दोहोंच्या मध्ये एक छोटी घडी दिसत होती. नराला ती नसते.

"मादी आहे मामा. आणि वयात आलेली. या पिशवीचा आकार बघ."

म्हणजे २००४ मध्ये त्या बिळात पुरती वाढलेली मादी होती. एवढंच सिद्ध होतं. त्याच्या मागची अकरा आणि पुढची तेरा वर्षं सिद्ध होत नाहीत. पण आज्जीचा एक शब्द तरी कागदोपत्री खरा ठरला. आज्जी २००९ मध्ये गेली.

दुसऱ्या दिवशी रात्री आम्ही दोघं बॅटरी घेऊन तळ्याच्या पलीकडच्या जुन्या बांधावर गेलो. तो बांध तोडलेला नाही. दोन तासांत चार बिळं सापडली, त्यातली दोन करंगळी मावेल एवढी. माझ्या घरी दाराच्या कडीला उरलेली ॲल्युमिनियमची तार होती. तिच्या चार खुणा केल्या, प्रत्येकीला पत्र्याची चकती, खिळ्यानं क्रमांक ठोकला. दादा बरोबर आला होता. त्यानं विचारलं, "हे कशाला?" मी म्हणालो, इथं तळं मोठं करायचं झालं तर आधी मला सांग. तो हसला आणि म्हणाला, "ह्या खेपेला तूच सांग म्हणजे झालं."

भाचा परत गेला. वही माझ्याकडे आहे. शंभर पानी, रेघांची. पहिल्या पानावर चार बिळांची जागा पावलांनी मोजून लिहिली आहे, बाभळीच्या बुंध्यापासून. मी ४६ वर्षांचा आहे. करंगळीएवढी बिळं खरंच मंद वाढणाऱ्यांची असतील तर त्यांच्या माद्या वयात येतील तेव्हा मी निवृत्तीला टेकलेला असेन, आणि वही ताईच्या नाहीतर दादाच्या नातवाकडे द्यावी लागेल. मागच्या रविवारी भाच्याला पहिली नोंद वाचून दाखवली: खूण ३, रात्री पावणेनऊ, तोंड उघडं, पाय दिसले, पुढचे दोन. तो म्हणाला, "मामा, बिळाचं तोंड किती मिलिमीटर ते पण लिही." ते राहिलं होतं. या रविवारी पट्टी घेऊन जाणार आहे.